उरलेल्या गोळ्या

कूलर बंद करा, म्हणते ढाक्याची नसरीन,
तुमचा आवाज वाऱ्यात जातोय.
मी कूलर बंद करते.
बाहेर शेहेचाळीस. मे महिन्याचं नागपूर
खिडकीच्या काचेला पाठ टेकून उभं.
पडद्यावर आम्ही पाच जणी, पाच शहरं, एकच फॉर्म.
किसुमूत अजून सकाळच आहे.

जुलाब म्हणजे किती?
चोवीस तासांत तीन, पातळ.
एवढं एकमतानं ठरवायला आम्हाला सात महिने लागले.
भांडेवाडीत करिश्मा उईकेला हेच विचारलं
तर ती म्हणाली,
मॅडम, मोजते कोन?
फडके धुवाव का मोजाव?

पाकिटावर संत्र्याचं चित्र, आत मीठ आणि साखर,
मागे बारीक अक्षरात: एक लिटर पाणी.
तिच्या घरात एक लिटर नव्हतं.
कोचलेला तांब्या होता,
कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची बाटली होती,
टँकर येऊन गेलेला होता.
मी माझी पाण्याची बाटली तांब्यात ओतली
आणि जिथवर पाणी आलं तिथं
खिळ्यानं आतून रेघ मारली.
हे प्रशिक्षणात नव्हतं.

हिमांशू. अकरा महिने. क्रमांक ना-११७.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची
आणि किती वेळानं परत बसते ते बघायचं.
ती परत निघाली
जशी दुपारी झोपलेली बाई दार उघडायला उठते.
मी सेकंद मोजत होते,
करिश्मा माझं तोंड बघत होती.
मग चमचा. मग ओकारी. मग दहा मिनिटं नुसतं बसणं.
पुन्हा चमचा.
संध्याकाळी तो तिच्या मांडीवर मुतला
आणि आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो
की शेजारीण दारात आली.
फॉर्मवर मी लिहिलं:
लघवी, आहे, ५.४०.

झिंकच्या गोळ्या चौदा. रोज एक.
पंधराव्या दिवशी गेले तर पत्ता रिकामा,
चौदाच्या चौदा भोकं.
मी म्हटलं, शाब्बास.
रकान्यात बरोबरची खूण केली,
पेनचं टोपण लावलं,
तेव्हा ती हळूच बोलली.
चार यानं खाल्ल्या, मॅडम.
पाचव्या दिवशी त खेळूनच राहिला होता हा, मंग कायले चारू?
ठेवल्या जपून, हळदीच्या डब्यात.
नंदेच्या पोट्टीले लागली हगवण, थ्या दहा तिले देल्या.
बरी हाये आता ते.
तुमी लिहून नका घेऊ.

हे मी आज सांगितलं. पाचही चौकटी गप्प.
मग किसुमूची अचिएंग म्हणाली,
आमच्याकडे चहाच्या डब्यात असतात.
नसरीन म्हणाली, पदराच्या गाठीत,
मला वाटलं होतं माझ्याच बायका असं करतात.
आकडेवारीवाले शहापूरकर सर
इतका वेळ आवाज बंद करून बसले होते, ते म्हणाले,
पण हे लिहायचं कुठे?
किती गोळ्या, हा रकाना आहे.
कोणी, हा नाही.

तो ठेवायचा की नाही, गुरुवारी ठरेल.
ठेवला तर पाच देशांत नव्यानं छपाई,
पुन्हा परवानग्या,
आणि आतापर्यंतच्या दोनशे सहा फॉर्मांवरच्या
माझ्या त्या बरोबरच्या खुणांचं काय?
नाही ठेवला
तर करिश्माची नणंद आमच्या अहवालात
हिमांशूच्या पोटात राहील.

मी कूलर लावते. कागद उडतात.
ना-११७ शोधून काढते,
समासात पेन्सिलीनं लिहायला घेते,
नणंदेची मुलगी, क्रमांक नाही, बरी आहे,
नाव...
नाव विचारायचं राहिलंच.

उद्या टँकरच्या वेळेला जाईन.
तेव्हा सगळ्या बाहेर असतात.