नववं रीळ

दर शनिवारी चारला, जेल रोडला गायधनीच्या घरी,
आम्ही चौघं त्याच एका हेराचे सिनेमे पुन्हा बघतो.
एकूण तेवीस. हेर एकच, नट पाच.
गायधनीनं प्रेसमध्ये जन्मभर कोऱ्या नोटा मोजल्या,
त्यामुळे खलनायकानं बॅग उघडली की म्हणतो,
"एवढ्याशा बॅगेत एवढे मावत नाहीत."
तांबोळी ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होता.
हेर पंखाला लोंबकळला की तो डोळे मिटतो,
भीतीनं नाही, लाजेनं.
आडकेबाई भूगोलाच्या. वाळवंटात सूर्य भलतीकडून उगवला
म्हणून त्यांनी अकराव्या भागाचे दोन गुण कापलेत.

वहीत क्रमवारी आहे. पेन्सिलीनं.
आपण डोक्यावर घेतलेला तिसरा भाग पार घसरला:
त्यातली पोहणारी मुलगी मध्यंतराआधी मरते
आणि तो टायची गाठ सारखी करतो.
"इथं मी शिट्टी मारली होती," तांबोळी म्हणाला.
कोणी काही बोललं नाही.
गायधनीनं शेंगदाण्यांची वाटी सरकवली.

आणि सातवा. सातवा कायम तळाला,
तो लावायचाच नाही असं ठरलेलं.
पन्नास वर्षं एकच तक्रार:
कोठडीला बाहेरून कुलूप,
आणि पुढच्या क्षणी गडी बर्फातून चाललाय, अंगात कोट.
सुटला कसा?
गायधनी म्हणे, दिग्दर्शक पिऊन आला असणार.
तांबोळी म्हणे, आपल्याला काय कळतंय असं वाटलं त्यांना.
बाईंचं मत, तो सुटलाच नाही, पुढचं सगळं त्याचं स्वप्न.
मी एकटाच त्याला दहापैकी आठ देत आलो.
मुद्दाम उलटं बोलतो, असं तिघांचं म्हणणं.

परवा गायधनीच्या नातवानं नवी, धुऊनपुसून काढलेली प्रत लावली.
आम्हाला न विचारता, सातव्याची.
कोठडी आली. कुलूप आलं.
मग एक म्हातारी आली, बादली घेऊन, फरशी पुसायला.
त्याच्याकडे बघत नाही. पाय उचल, असा नुसता हात करते.
तो उचलतो.
ती पुसते. कितीतरी वेळ पुसते. फडक्याचा तेवढा आवाज.
जाताना अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावते,
आणि बादली विसरते, बरोब्बर दाराच्या फटीत.

"हे कुठं होतं?" आडकेबाई म्हणाल्या.

माझ्याकडे होतं.

एक प्रिंट, दोन थेटरं.
देवळाली कॅम्पात तीनचा खेळ, नाशिकरोडला पावणेचारचा,
आणि मधे लॅम रोडवर सायकलीवर मी, वय चौदा,
कॅरियरला रिळाचा डबा.
सगळे सिनेमे वाहिले, सलग एकही पाहिला नव्हता.
त्या रविवारी वालदेवीच्या पुलावर उतरलो,
डबा उघडला, हातभर पट्टी उन्हात धरली.
बारीक बारीक चौकोन.
प्रत्येकात तीच म्हातारी, तीच बादली,
आणि तो, पाय उचललेला.
पुढच्यात काही होईल म्हणून उलगडत गेलो.
माणसाचा पाय खाली यायला इतके चौकोन लागतात!
मग गुंडाळता येईना. पुलावर सगळा गुंता, खाली म्हशी,
आणि एक बैलगाडीवाला थांबून विचारतोय, काय विकतोस रे?

पोचलो तेव्हा दहावं सुरू झालं होतं.
ऑपरेटरनं पडद्यावरची नजर न काढता कानाखाली दिली.
तसा एकच खेळ गेला.
पण हे तिघं त्यालाच होते, वेगवेगळ्या रांगांत,
एकमेकांना न ओळखणारे.

बाईंनी खोडरबर घेतलं. सातवा दुसऱ्या नंबरावर.
पहिलाच करा, गायधनी अडून बसला.
मग माझ्याकडे वळला,
"तुला कसं रे आधीपासून कळलं होतं?"

"अंदाजानं," मी म्हणालो
आणि वाटीतले शेंगदाणे संपवले.

पुढच्या शनिवारी आठवा.
त्यात विमान आहे, तांबोळीला सांगून ठेवलंय.