तीस सप्टेंबरचा पट

भिवघाटाच्या अलीकडं फाट्यावर उतरलं
की आधी पवनचक्क्या दिसतात, मग शाळा.
आठवी, नववी, दहावी. तीन वर्ग, तीन कुलपं.
चाव्या माझ्याकडं.

एकूण विद्यार्थी : एकोणसाठ.
साठ भरले असते तर विज्ञानाच्या नदाफ बाई राहिल्या असत्या.

रकाने मला आता तोंडपाठ आहेत.
मुलगे एकतीस, मुली अठ्ठावीस.
खुला, इमाव, भटके, अनुसूचित.
अल्पसंख्याक चार : तिघं मुलाणी, एक जैन.
मातृभाषेच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'मराठी' लिहितो
आणि खाली नुसत्या खुणा मारत जातो,
तेवढ्यात बाहेर कबड्डीत पाय ओढला म्हणून
देविका कुणाला तरी मल्याळममधून शिवी देते.

तिचा बाप त्रिशूरला गलाईला. सोनं गाळतो.
आजारी आजीपायी ही जूनमध्ये गावाकडं आली.
तिकडच्या दाखल्यावर नाव 'देविका एस.',
आधारवर देविका संपतराव बाबर,
आणि पोर्टल म्हणतं, या दोघी वेगळ्या.
विट्याला चार हेलपाटे झाले. एकदा यंत्र बंद,
एकदा माणूस जेवायला, दोनदा बोटंच उमटेनात.
(आजीच्या भाकरी तीच थापते. बोटं कुठली उमटायला.)

सुशांत मेटकरी मात्र जुळतो.
नाव, जन्मतारीख, बोटं, सगळं.
गणपतीनंतर मामानं त्याला सेलमला नेला, चांदीच्या भट्टीवर.
बाक रिकामा आहे, रकाना भरलेला.
'सतत गैरहजर' असा शेरा मारायला पेन उचललं होतं.
मग अठ्ठावन्न होतील म्हणून टोपण लावलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कपाटात जुनं जनरल रजिस्टर आहे, वाळवीनं कोपरा खाल्लेलं.
त्या सालचा पट दोनशे बारा.
अकराशे त्रेचाळीस नंबरला मी.
आई म्हणाली होती, ज्वारीची मळणी चालली होती तवा झाला.
गुरुजींनी लिहिलं, एक जून.
आमच्या वर्गातली सतरा जणं त्याच दिवशी जन्मली
आणि कुठल्याच यंत्रानं हरकत घेतली नाही.

रात्री बाराला पोर्टल बंद होणार.
अकरापर्यंत मी रेंज शोधत टाकीच्या चौथऱ्यावर बसलो,
मोबाईल वर धरून, देवाला निवद दाखवावा तसा.
चाक फिरत राहिलं.

सकाळी प्रार्थनेला साठावी दुसऱ्या रांगेत उभी.
"सर, आलं का माझं नाव?"
मी म्हणालो, तू आलीस ना.
तिला ते उत्तर पटलं नाही. मलाही नाही.

मधल्या सुट्टीत नदाफ बाई ऑफिसात आल्या.
परीक्षानळ्या मोजून ठेवल्यात म्हणाल्या, दोन फुटक्या,
लिटमस कागद दिवाळीपर्यंत पुरतील.
आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी
माझ्या टेबलावर ठेवली.

आता चार झाल्या.