न वाचलेले

प्रणोती म्हणाली, मामा, चुका काढा.
चुका काढायचाच पगार घेतला ना तुम्ही
एकतीस वर्षं?

घेतला. धंतोलीच्या छापखान्यात, रात्रपाळीत,
लाल पेन कानावर खोचून.
तर घे.

मी बातमीवर बोट ठेवतो
आणि बातमी उघडते.
अगं, ओळ सुटू नये म्हणून ठेवतो बोट.
तुझ्या यंत्राला वाटते, हा म्हातारा काही मागून राहिला.

मागे जायचा बाण दाबला की मागे जात नाही,
एकदम बाहेर पडतो मी,
चपला न घालता.
परत शिरावं तर ओळ गायब,
तिच्या जागी कुलरची जाहिरात.
कुलर आहे माझ्याकडे. इथंच घरघर करून राहिला.

अक्षर मोठं केलं,
फोटो मोठा झाला.

वर लिहून येतं : नमस्कार, बारापात्
आणि खालच्या ओळीत, एकटा : रे.
असं तोडत नाहीत जोडाक्षर, पोरी.
आमच्या वामन सोनकुसरेनं एका फुटलेल्या 'त्र'साठी
अख्खा कॉलम पुन्हा जुळवला होता,
समोरचा चहा गार होऊ देऊन.

पाण्याची लाइन फुटल्याची बातमी चारदा आली.
मथळे चार, पाणी एकच.
आमच्या नळाला कधी, ते
चारांपैकी एकानं विचारलं नाही.

आता मुख्य.
कोपऱ्यात तुझा तो लाल गोळा : न वाचलेले १२४७.
आणि गोळ्याच्या बरोब्बर खाली,
मेडिकलमध्ये उष्माघाताचे रुग्ण.
मी मोजतच बसलो.
मग डोक्यात आलं, तुला बातम्या म्हणायच्या होत्या.
शब्द बरोबर आहे गं.
शेजार चुकला.
आम्ही शेजारही तपासायचो,
लग्नाच्या जाहिरातीला लागून निधन बसू द्यायचो नाही.

त्या बाराशेंत एक ओळ दिसली :
ज्येष्ठ कंपोझिटर वामन सोनकुसरे यांचे…

यांचे, आणि तीन टिंबं.

वय पंच्याऐंशी. मे महिना. छेचाळीस डिग्री.
मी त्या टिंबांवर बोट ठेवलं,
तू बरोब्बर तिथंच, अंगठ्याखाली,
'सर्व वाचलं' ठेवलेलं.
गोळा शून्य झाला.
बाराशे सत्तेचाळीस एका दमात वाचले,
वामन कुठल्या बाजूला गेला ते
सांगायला पडद्यावर कोणी उरलं नाही.
शोधायची जागा शोधली. ती भिंग आहे म्हणे.
मला ती पळी वाटली होती.

फोन लावला नाही.
काय विचारणार होतो, वामन आहे का?

ऊन उतरायच्या आत निघालो, दुपट्टा बांधून,
झेंडा चौकातल्या पेपरवाल्याकडे.
सकाळचा एकच उरला होता, त्यावर त्याचा डबा.
डबा उचलून दे म्हटलं.
काहून एवढी घाई, काका?
उभ्याउभ्या पाचवं पान.
सत्कार.
शाल, नारळ, आणि फोटोत नेमके मिटलेले डोळे.
आडनावातला उकार दुसऱ्याच अक्षराला : सोनकसुरे.
पेन नव्हतं जवळ. नखानं खूण केली.

तेलाचा डाग पडलेला तो पेपर
मी पूर्ण पैसे देऊन घेतला,
मग पाचपावलीपर्यंत ऑटो केला.
तो ओट्यावर बसून होता. म्हणाला, पाह्यलं?
उकार चुकवला त्याहीनं.
शालीचं काहीच बोलला नाही.

तर प्रणोती, बाकीचं सावकाश कर.
'रे' वर घे, जमेल तेव्हा.
बटण हलव.
पण ती तीन टिंबं
आज रात्रीच काढ. ओळ दोन ओळींची होऊ दे.
काचेत जागा आहे.
मी पट्टीनं मोजली.