शुक्रवारची मोजणी

जहऱ्याच्या कडेला, शहराचं सांडपाणी निवळून
बोरूच्या बेटात शिरतं तिथं,
पंपघरात माझी नोकरी.
मीटर लिहून झाले की दुर्बीण घेऊन पाखरं मोजायची,
हे कामाच्या करारात नव्हतं.
मुतलकनं वही हातात दिली आणि चहा ओतला, बस.

मंगळवार : थापट्या एकशे दहा. चक्रांग साठ.
चांदवे नेहमीचेच, भांडखोर.
बुधवार : तेवढेच, चारदोन इकडेतिकडे.
शुक्रवार : पानात मावेनात.

कुंपणापलीकडे खाडीचा चिखल, मैलभर,
किडा-शिंपल्यांनी भरलेला.
गुरुवारी रात्री तिथं गाड्या येऊन दिवे मालवतात.
पहाटे पहिला बार,
आणि चिखलच उठावा तशी सगळी फळी उठते,
एक गिरकी घेते,
तारेच्या आत कोसळते. पाणी दिसेनासं होतं.

तार कुणी दाखवली त्यांना?
उडणाऱ्याला जाळीचं काय!
तरी बरोब्बर तिच्या आत, हातभरही बाहेर नाही.
मुतलक म्हणाला, पहिल्या साली आलेली चुकतात.
दुसऱ्या साली जी येतात, ती चुकत नाहीत.
हे तो दोनदा म्हणाला.
मी एकदाच लिहिलं.

आत बंदूक नाही. आत खायलाही नाही.
दोन हजार चोची, तळं एवढंसं,
दुपारपर्यंत गाळसुद्धा चाळून संपतो.
मग मान पंखात, एक डोळा उघडा.
अंधार पडून बार थांबले की
निघतात परत चिखलाकडे,
दिसत नाहीत, डोक्यावरून नुसती पंखांची शीळ.
दिवसाचं जेवण रात्री.
आमच्यासारखंच. पण ते असू दे.

असू दे म्हटलं तरी,
जिलीबच्या गल्ल्यांत कागद तपासणारे फिरत होते
त्या आठवड्यात आमच्या आठ खाटांच्या खोलीत
एकोणीस जण झोपले होते.
त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

हिवाळा सरता सरता अहवाल आला. गुळगुळीत कागद.
वर तळ्याचा फोटो, शुक्रवारचाच,
पाण्याहून पाखरं जास्त.
खाली लिहिलेलं : संख्येत समाधानकारक वाढ.
मुतलकनं तो उलटापालटा केला,
मागच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून विचारलं,
आणि बाहेरचं?

एक थापट्या पाय लोंबत आत उतरला होता, जानेवारीत.
दिवसभर एकाच बाजूला गोल गोल पोहत राहिला.
त्याला मी पेन्सिलीनं धरला, एक.
पुढच्या आठवड्यात खोडला.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी
आदल्या रात्रीच्या पावसानं वाट बसली,
रुतायच्या भीतीनं एकही गाडी आली नाही.
तळ्यावर उजाडलं. मी मोजले. परत मोजले.
नऊ.
दुर्बिणीतून पाहिलं तर पार लांब, चिखलावर,
काळे ठिपके, भर उन्हात, खाली माना घालून.

नऊ? मुतलकनं विचारलं.
नऊ, म्हटलं.
त्यानं त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच घातली.