सहा ठोके जास्त

लिएपायात वारा दाराशी थांबत नाही,
खिडकीच्या फटीतून येतो, गोदीतल्या डांबराचा वास घेऊन.
टेबलावरचे राईच्या पावाचे तुकडे बाजूला सारून
मी नवं यंत्र जुळवायला घेतलं.
जहाजांचे आराखडे आता घरूनच काढायचे,
बाबांना एकटं सोडायचं नाही, असं ठरलंय.

मदरबोर्डला नऊ स्क्रू.
बाबा ते डाव्या तळहातावर धरून बसले,
उजवा हात मार्चपासून त्यांचं ऐकत नाही.
मी एकेक उचलत गेले.
रॅमच्या पट्ट्या दोन: दुसरी आणि चौथी खाच,
हे मोठ्यानं म्हटलं, त्यांनाही कळावं म्हणून.
चट्. चट्.
"स्..." बाबा म्हणाले.
"साखर? थांबा," म्हणत मी त्यांच्या चहात दोन खडे टाकले.
त्यांनी तोंड वाकडं करून तो प्यायला.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच.
एक मिनिट. दोन.
तीन महिन्यांचा पगार त्या डब्यात, आणि पडदा काळाच.
पुस्तिकेच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं:
पहिल्या खेपेला मेमरी स्वतःची तार जुळवून घेते,
हाक कुठून किती वेळात पोचते ते मोजते.
तोवर वीज तोडू नये.
तोडली नाही. पण नखं खाल्ली.
चौथ्या मिनिटाला अक्षरं उमटली.

अठ्ठेचाळीसशे.
खोक्यावर मात्र ठळक छापलेलं, सहा हजार.
सांगितल्याशिवाय ती धावत नाही.
बायोसमध्ये शिरून प्रोफाइल चालू केलं:
तीस, छत्तीस, छत्तीस, शहात्तर.
बाबांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.
मी म्हटलं, आपण काही मागायचं,
मग तीस ठोके गप्प राहायचं,
आणि मग जे समोर येईल ते उचलायचं.
"आणि... नसेल... तयार?"
तरी उचलायचंच. मग ते चुकीचं असतं.

बाबांनी एकतीस वर्षं बंदराच्या टेलिफोन एक्सचेंजवर काढली.
पलीकडचा "हॅलो" म्हणेपर्यंत
इल्गोनिसनं जोडून दिलेलं असायचं,
असं अजून सांगतात त्यांच्या बरोबरीचे, जे उरलेत ते.

रात्री चाचणी लावली.
पहिला फेरा स्वच्छ. दुसराही.
तिसऱ्यात, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी, एक लाल ओळ.
एकच.
अब्जावधी उत्तरांत एक खोटं, कुणाला कळणार?
मला कळलं होतं, एवढीच अडचण.
व्होल्ट जरासा चढवला, तर दोन ओळी आल्या.
जीव मेटाकुटीला आला.
शेवटी तीसचे छत्तीस केले.
सहा ठोके जास्त, म्हणजे दोन अब्जांश सेकंद.
माणसाच्या पापणीला ते दिसतसुद्धा नाहीत,
तरी आकडा टंकताना हात अडला,
कारण पैसे तिसाचे मोजले होते.

खुर्चीतच डोळा लागला.
जाग आली तेव्हा चार फेरे पुरे झाले होते,
एकही लाल ओळ नाही,
आणि बाबा लोकरीच्या मोज्यांत, पडद्यासमोर उभे.
"स्..."

माझ्या जिभेवर सरबत, सफरचंद, सगळं तयार होतं.
गिळलं.
किटली गरम होऊ लागली.
बाहेर पहिली ट्राम वळणावर कुरकुरली, गेली.
त्यांचे ओठ हलत होते, शब्द कुठल्याशा तारेत होता.
मी मोजलं नाही.

"स्क्रू," बाबा म्हणाले.

आणि सदऱ्याच्या खिशातून काढून
माझ्या हातावर ठेवला: नववा, ऊबदार,
कालपासून सांभाळलेला.

आता पुन्हा डबा उघडायचा.
साखर न घातलेला चहा ओतून
मी पेचकस शोधू लागले.