वाजवून घेताना

गेल्या भाद्रपदात वाचनालयाची वेबसाइट उघडली
तर हस्तलिखित अंकांच्या जागी
पत्त्यांचा जुगार चालू होता, रंगीत, लुकलुकता.
एकोणपन्नास रुपये महिना.
स्वस्तात मिळतंय म्हणून
ठरावाच्या वहीत मीच लिहिलं होतं,
‘सर्वानुमते’.

तीन वर्षं एक अपडेट नाही.
पासवर्ड म्हणजे वाचनालयाचं नाव, पुढं एक दोन तीन.
दाराला कडी होती, कडीत काडी.

आता पुन्हा बैठक. शिल्लक चार हजार दोनशे.
खानापूर स्टेशन रोडला, मासिकांच्या टेबलाभोवती
आम्ही पाच जण, आणि सिद्राय होनगेकरचा लॅपटॉप,
वायर हलली की मान टाकणारा.
सिद्राय वाचतो, ‘जागा अमर्याद.’
रवळू मास्तर चष्मा पुसतात, ‘अमर्याद म्हणजे किती रे?’
खाली मुंगीच्या अक्षरांत
सगळं मोजलेलं असतं.

मग पडद्यावर प्रश्न आला, सर्व्हर कुठं हवा?
मुंबई. बेंगळुरू.
खोली अशी गप्प झाली
की पंख्याचा खटका ऐकू आला.
याच टेबलावर या दोन नावांपायी
एकदा कपबश्या फुटल्यात.
सिद्रायनं दोन्हीकडचा वेळ मोजला,
फरक पापणी लवण्याइतकाही नव्हता.
मास्तर म्हणाले, ‘एकीकडं ठेव
अन् नक्कल दुसरीकडं.
एक बुडालं तर दुसरं असूंदे.’
‘आयतु,’ म्हणाले बसलिंगय्या,
आणि चहा मागवला.

राहिला भाव.
पहिल्या वर्षी नव्याण्णव, असं मोठ्या आकड्यात.
मला तो आकडा आवडला, खोटं कशाला बोलू.
रविवारी बाजारात मडकं घ्यायला बसले,
बोटाच्या पेरानं एकेक वाजवत.
गंगव्वा म्हणाली, ‘आवाज बरोबर हाय, घे,
पन पयल्या उन्हाळ्यात कुठलंबी मडकं
गार पानी देतंय बाई.
दुसऱ्या उन्हाळ्याचं इचार.’

विचारलं. दुसऱ्या वर्षी चारशे एकोणीस.
नक्कल ठेवायचे वेगळे, कुलपाचे वेगळे,
ते कुलूपसुद्धा, जे दुसरीकडं फुकट मिळतं.

तेव्हा वाजवायचंच ठरवलं.
तीन कंपन्या उरल्या होत्या. रात्री साडेअकराला
तिघांनाही एकच अडचण कळवली.
एकीनं नमस्कार केला आणि झोपली.
दुसरीनं आणखी महाग योजना दाखवली.
तिसरीकडून फोन आला, पेंगुळलेल्या मुलीचा,
‘हेळ्री सर.’
मी सर नव्हते, पण बसलिंगय्यांना उठवलं,
ते कानडीत बोलले, मी मराठीत सांगत गेले,
मधे सिद्रायचे इंग्रजी शब्द.
तिनं विचारलं, कुठलं प्लगइन? शेवटचं कधी बदललं?
आमच्या वतीनं इतकं नीट
कुणी विचारलं नव्हतं.

महिना एकशे ऐंशी. पुढच्या वर्षीही एकशे ऐंशी.
लेखी घेतलं.
शिल्लक दोन हजार चाळीस,
त्यात पावसाळ्याआधी कौलं बदलायचीत.

गुरुवारी सगळं चढवून झालं.
लॉगिनला आता फोनवर आकडा येतो,
मास्तरांना तो वाचेपर्यंत जुना होतो.
आणि तेच मास्तर म्हणाले, ‘आता पूस.’
‘काय?’
‘सगळं. पुसून परत आण. आणता आलं तरच
नक्कल आहे म्हणायचं.’

सिद्रायचं बोट बटणावर थांबलं.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं,
मीही वहीत डोकं घातलं.
दाबलं.
पान पांढरं झालं.
सात मिनिटं. कुणी चहाला हात लावला नाही.
लॅपटॉपची वायर बसलिंगय्यांनी
दोन्ही हातांनी धरून ठेवली,
सापाचं मुंडकं धरावं तशी.

मग वरून खाली, सावकाश,
आधी रेघा, मग अक्षरं, मग एक ओळ पुरती,
माझ्याच हाताने कधीतरी टाइप केलेली,
दाखल क्रमांक सहाशे एकतीस,
पाने अठ्ठ्याऐंशी,
कोपऱ्यांना वाळवी,
वाचता येते.