कोरा पत्रा

दुकान बंद केलं तेव्हा ब्रश कुणी मागितले नाहीत.
फ्लेक्सवाल्या पोरानं फक्त शिडी नेली.
मागं राहिला डब्यात घट्ट झालेला निळा,
रेघा मारायची सुती दोरी,
आणि उतरवलेल्या पाट्यांचा पत्रा,
त्यावर अर्ध्यात तुटलेली नावं:
'...श्वर किराणा', 'प्रो. बाळा...'

भैरू होनगेकर म्हणाला,
'मसूर निघाली बघ. विहिरीकडचं दोन गुंठं पडूनच हाय.
भाडं नको गा. पयला दोडका तेवढा माझा.'

म्हणून कंग्राळीच्या शिवारात
शिवरात्र तोंडावर आलेली असताना,
कानाला अजून मफलर,
मी आणि कुदळ.
चाळीस वर्षं हात वर करून काम केलं,
आता सगळं काम खाली.
पाठीला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

वाफे मात्र दोरीनंच आखले.
दोन टोकांना खुंट्या, दोरीला चुना,
ताणून एक टिचकी,
भिंतीवर उमटायची तशी रेघ
ढेकळांवर उमटली, जरा अडखळत.
बांधावरून निंगव्वा हसली.
तिच्या रानात एक वाफा सरळ नाही.
ती मूठ उघडते, मेथी पडते पडायची तिथं.
मी नवलकोलची रोपं लावतो वितीनं मोजून.
दाटीनं लिहिलेलं लांबून वाचता येत नाही,
रोपांचंही तसंच असावं.
माहीत नाही.

थ्री फेज रात्री दीडला येते.
पाइपातून आधी खोकला, मग पाणी.
पाणी माझी रेघ जुमानत नाही,
उतार बघतं, तिसरा वाफा फोडतं,
मी बॅटरी तोंडात धरून खोरं घेऊन पळतो.
लांब हायवेवर कोल्हापूरकडं जाणारे दिवे,
आणि इथं एक म्हातारा
पाण्याला शिव्या देतोय, मराठीत,
आणि ते ऐकेना तेव्हा कन्नडात.

मग पत्रा कापला, चार बोटं रुंद,
पाठच्या कोऱ्या अंगावर लिहिलं:
मुळा. पोकळा. गवार. दोडका.
चहाचा कप धरताना थरथरणारा हात
शिरोरेघ ओढताना थरथरला नाही.
खाली बारीक, निंगव्वाच्या नातवासाठी
त्याच्या शाळेतल्या गोल अक्षरांत
मूलंगी, हीरेकायी.
कुठली ओळ वर, कुठली खाली,
कुठलं अक्षर किती इंच,
यावरून माझ्या पाट्या दोनदा उतरल्यात.
इथं टेप घेऊन कुणी येत नाही.
'गवार'वर एक सरडा बसतो, तेवढाच.

काल निंगव्वानं पदराची गाठ सोडली.
आठ बिया, काळ्या, चपट्या,
तिच्या माहेरच्या, गोकाकाकडच्या.
कशाच्या, विचारलं.
'हाक्री. बंद म्याल तिळीतैति.'
टाका म्हणे. आल्यावर कळतंय.

चार आळी केली, दोन-दोन बिया,
वर मूठभर शेणखत.
पाचवा पत्रा रोवला,
ब्रश बुडवला,
काठावर निथळला,
हवेत धरला बराच वेळ.
मग फडक्याला पुसला.

आज नववा दिवस.
'काल' म्हणालो वर, ते चुकलं,
रात्रपाळीनं दिवस कालवलेत माझे.
मुळ्याला दोन-दोन पानं आलीत.
कोरा पत्रा उन्हात चमकतो,
चिमण्या लांब राहतात.
एका आळ्यात माती जराशी फुगलीय
तव्यावरल्या भाकरीसारखी.
मी बोट पुढं केलं
तोच बांधावरनं हाळी,
'मुट्टब्याडरी!'

बोट मागं घेतलं.
घट्ट निळा टर्पेंटाइन घालून सैल केलाय,
झाकण नीट लावून ठेवलंय.